बाबासाहेबांच्या राजीनाम्याचे तिसरे कारण

२७ सप्टेंबर १९५१ रोजी प. पू. बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. का दिला, असं आपल्या वस्तीत कोणालाही विचारा, ‘हिंदू कोड बिल’ हेच उत्तर मिळेल. उत्तर बरोबरच आहे. पण १० ऑक्टोबरचे त्यांचे निवेदन पूर्ण वाचले तर त्यात पाच कारणे सापडतात, आणि तिसरे कारण परराष्ट्र धोरणाचे आहे. जयंतीच्या भाषणांत ते सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सगळे देश आपले मित्र होते, चार वर्षांत एकही उरला नाही, असे बाबासाहेबांनी स्पष्ट म्हटले. याचा हिशेबही मांडला. वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी रुपये सैन्यावर. म्हणजे रुपयातले आठ आण्यांहून जास्त! उरलेल्या पावणेआठ आण्यांत सरकारचा बाकीचा सगळा प्रपंच. अडीनडीला धावून येणारा मित्र नाही, म्हणून एवढी फौज पोसावी लागते, असा त्यांचा मुद्दा होता. भांडणाचे मूळ काश्मीर. तिथला हिंदू व बौद्ध भाग भारताने घ्यावा, मुस्लिम भाग पाकिस्तानला द्यावा, असे त्यांचे मत होते. पूर्व बंगालमधल्या आपल्या लोकांचे हाल त्यांना काश्मीरपेक्षाही जास्त बोचत होते. हे मत तेव्हा फार जणांना रुचले नाही, आजही रुचणार नाही.

पण धोरण ठरवत कोण होते? पंतप्रधान नेहरू स्वतःच परराष्ट्रमंत्री होते, १९४७ पासून १९६४ पर्यंत. परराष्ट्र आणि संरक्षण यांसाठी मंत्रिमंडळाच्या वेगळ्या समित्या होत्या. बाबासाहेबांना दोन्हीत घेतले नव्हते. निर्णय समितीत होतात, मंत्रिमंडळ नुसतं नोंद करणारं कचेरीखातं झालंय, ही त्यांची तक्रार. घटनेच्या ७५ व्या कलमाप्रमाणे लोकसभेला जबाबदार मात्र सगळे मंत्री! ज्यांनी मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले, त्यांनाच या विसंगतीचा चटका बसला. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. परदेशाशी करार करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी, असे बंधन आपल्या घटनेतही नाही. आज सुरक्षाविषयक समितीत पंतप्रधानांबरोबर गृह, संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थमंत्री बसतात. १९९८ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आली, पंतप्रधानांना सुरक्षा सल्लागार मिळाला. खोली मोठी झाली, दार तेवढंच अरुंद राहिलं.

पुढे राज्यसभेत २६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेब याच विषयावर बोलले. त्याच वर्षी २९ एप्रिलला भारत-चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला होता. याटुंग आणि ग्यांत्से इथली आपली लष्करी पथके काढून घ्यायचे त्यात ठरले. कराराच्या प्रस्तावनेतल्या पाच तत्त्वांना ‘पंचशील’ म्हणू लागले. आपण विहारात रोज म्हणतो ते पंचशील वेगळे, पण नाव तिथूनच उचललेले. बाबासाहेबांना ते खटकले. माओंची पंचशीलावर खरी श्रद्धा असती तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते, असा त्यांचा सवाल होता. राजकारणात पंचशीलाला जागा नसते, असेही ते म्हणाले. तिबेट चीनच्या हाती जाऊ देऊन आपण चीनची हद्द आपल्या दारापर्यंत आणून ठेवली, हा इशारा त्यांनी त्याच भाषणात दिला. गोव्याबद्दलही बोलले. अमेरिकेने लुइझियाना विकत घेतला तसा गोवा पोर्तुगालकडून विकत घेता येईल, नाहीतर वऱ्हाडाप्रमाणे भाडेपट्ट्याने, अशी सूचना त्यांनी केली. सरकारने ती मनावर घेतली नाही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा सैन्य पाठवून मुक्त करावा लागला.

तिबेट कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती जून १९६२ मध्ये संपली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात चिनी फौजा लडाखमध्ये आणि ईशान्येला, तेव्हाच्या नेफात, उतरल्या.