वाचून दाखव, मी ऐकते

आज जरा मागं वळून पाहू.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलूप लागलं. पंधरा दिवसांत उघडतील, असं आपल्याला वाटलं होतं. त्या वर्षीच्या आखाजीला कितीतरी लेकी माहेरी येऊ शकल्या नाहीत. शाळाही उघडल्या नाहीत. खेड्यांतल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जवळजवळ वीस महिने गेले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं लेकरू वर्गात बसलं, तेव्हा त्याची अर्धी दुसरी सरली होती.

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं सरकारनं म्हटलं. मोबाइलवर धडे आले, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, नागपूर आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’ भरू लागली. पण आपल्याकडे घरात मोबाइल एकच, आणि तो घरधन्याच्या खिशात. कापूस वेचणी आली की मुलं शेतात, आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी. काही मुली पुन्हा शाळेत गेल्याच नाहीत. हे नुकसान आपण डोळ्यांनी पाहिलंय.

असं संकट पहिल्यांदाच आलं नव्हतं. १९३७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ आली. सप्टेंबरमध्ये शाळा उघडायच्या, त्या उघडता आल्या नाहीत. तेव्हा शिक्षकांनी रेडिओवरून पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे दिले. कोणता धडा कधी, ते वर्तमानपत्रात छापून यायचं. तीन लाखांहून जास्त मुलांसाठी ही सोय होती. तरी ज्या घरात रेडिओ नीट लागत नव्हता, तिथली मुलं मागं पडली. कोणाला शिकवणं फार भरभर वाटलं. यंत्र धडा सांगतं, पण लेकराला कळलं की नाही ते विचारायला घरात कोणीतरी लागतं.

“पण आम्हाला कुठं वाचता येतं?” असं म्हणणाऱ्या माय-बहिणींनी आपल्या बहिणाबाईंना आठवावं. जन्म १८८०, गाव जळगावजवळचं आसोदे. लिहिणं-वाचणं येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव लहान होता, तेव्हाची गोष्ट सांगतात. त्यानं पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. आईनं ती मन लावून ऐकली आणि सकाळपर्यंत तिचं गाणं रचलं. मुलानं ते वहीत उतरवून घेतलं. पुढं सोपानदेव स्वतः कवी झाले. आईची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली, ती अशा उतरवून ठेवलेल्या वह्यांमुळेच. आईनं मुलाला अक्षर शिकवलं नाही, पण त्याचा धडा ऐकला.

अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. कागद, दौत आणि रोजचा थोडा वेळ, एवढंच त्याला लागायचं.

शाळा पुन्हा कधीही बंद पडू शकते. साथ येईल, पूर येईल, उन्हाळ्याची सुटी तर दरवर्षीच असते. म्हणून आपल्या बचत गटात तीन गोष्टी ठरवू या. रोज भाकरी टाकताना मुलाला म्हणायचं, “वाचून दाखव, मी ऐकते.” मग विचारायचं, “पुढं काय झालं? असं का झालं?” बाजाराचा हिशेब आणि कापसाच्या वजनाची नोंद मुलीकडून लिहून घ्यायची. आणि गल्लीतल्या दहावी-बारावीच्या मुलीनं संध्याकाळी ओट्यावर धाकट्यांना तासभर बसवायचं. तिच्या घरचं तेवढ्या वेळाचं काम आपण वाटून घ्यायचं.

त्या वीस महिन्यांतली मुलं आज वरच्या वर्गांत आहेत. काही अजून वाचताना अडखळतात. त्यांना रागावू नका. आज रात्री पुस्तक घेऊन जवळ बसवा आणि ऐका.