एटीएमचा बट्टा

गेल्या वर्षी बँकॉकला एटीएममधून पैसे काढले. मशीनने विचारलं, हिशोब रुपयात करू का? मी पनवेलचा भाबडा माणूस, म्हटलं कर. घरी येऊन स्टेटमेंट बघितलं तर तिथल्या मशीनची फी, माझ्या बँकेची फी आणि वर महागडा दर. आईने दिलेल्या पैशांतलं दोन दिवसांचं जेवण त्यातच गेलं.

याला जुना मराठी शब्द आहे, बट्टा. पेशवाईत रुपया एकच नव्हता. पुण्यात अंकुशी, नाशिककडे चांदवडी, मुंबईत कंपनीचा सुरती. मुलूख बदलला की सराफ नाणं पारखणार, चांदी किती, झिजलंय किती, आणि बट्टा कापून बाकीचे हातात ठेवणार. पुण्याचा व्यापारी बोरघाट उतरून पनवेलला यायचा, इथून होडीने मुंबई. म्हणजे आपलं बंदर या सगळ्या नाण्यांच्या वाटेवरच!

शहाणे लोक नाणी न्यायचेच नाहीत, हुंडी न्यायचे. पुण्याच्या पेढीवर पैसे भरा, मुंबईत चिठ्ठी दाखवून घ्या. हुंडणावळ तिथेही पडायची, पण ती आधी ठरलेली. मला तर हाच फरक मोलाचा वाटतो. १८३५ मध्ये कंपनीने आपल्या मुलखात एकच रुपया आणला, मग हा बट्टा हळूहळू गेला. नावाला लागणारा तेवढा राहिला.

आता मी मशीनवर तिथलंच चलन निवडतो, थोडं थोडं न काढता एकदाच काढतो आणि कार्डाचा मार्कअप निघण्याआधी बघतो. श्रीलंका, मॉरिशसला तर २०२४ पासून यूपीआयसुद्धा चालतं. आईला तेवढं सांगू नका, तिला अजून वाटतं मी जेवणावरच उडवले.