काचनळीतले कलम

संत्र्याच्या बागेत रोग शिरतो तो बऱ्याचदा डोळ्यातून. रोगट झाडाचा डोळा काढून जंबेरीच्या खुंटावर भरला, की कलमासोबत विषाणूही नव्या बागेत येतो. त्यावरचा उतारा निघाला तोही कलमातूनच.

१९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तँ यांनी विषाणूग्रस्त डेलियाच्या शेंड्याचे टोक पोषक माध्यमात वाढवून निरोगी रोप मिळवले. वाढत्या टोकापर्यंत रसवाहिन्या पोहोचलेल्या नसतात, त्यामुळे विषाणूही सहसा तिथवर जात नाही. लिंबूवर्गात मात्र ही युक्ती चालेना. एवढासा तुकडा काचनळीत मूळच धरीना. बियांची वाट होती. संत्र्याच्या एका बीतले बरेच गर्भ थेट मातृऊतीतून आलेले, म्हणून हुबेहूब आईसारखे असतात, आणि बहुतेक विषाणू बीतून उतरत नाहीत. पण अशा झाडांना काटे फार आणि फळ उशिरा. शिवाय नेव्हल जातीला बीच नाही, आणि क्लेमेंटाइन जातीच्या बीत एकच गर्भ, तोही संकराचा.

ज्याला मूळ फुटत नाही त्याला दुसऱ्याचे मूळ द्यावे, ही तर माळ्यांची जुनी विद्या. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला तोशिओ मुराशिगे आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ती काचनळीत नेली. १९७५ मध्ये लुईस नवारो, रॉइस्टाकर आणि मुराशिगे यांनी रीत पक्की केली. अंधारात उगवलेल्या, दोनेक आठवड्यांच्या रोपाचा शेंडा आणि बीजपत्रे छाटायची. सालीला उलट्या ‘टी’सारखा काप द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन पर्णांकुरांसह ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे टोक कापून त्यात बसवायचे. तुकडा जितका लहान, तितका रोग सुटण्याचा संभव जास्त आणि कलम जगण्याचा कमी. म्हणून जगलेल्या प्रत्येक रोपाची तपासणी करावीच लागते.

स्पेनमध्ये १९५७ पासून ट्रिस्टेझा या विषाणूरोगाने कडू नारिंगाच्या खुंटावरच्या बागा मारल्या होत्या. १९७५ मध्येच तिथे या तंत्रावर वाण शुद्ध करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पैदासकारांचेही काम सोपे झाले. परदेशी वाण आणावा आणि त्याचा रोग वेशीबाहेर ठेवावा, हे आता जमू लागले. पेशी-संकरातून आलेले, मुळे न धरणारे दुबळे कोंबही असेच खुंटावर चढवून वाचवता येतात.

नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने हे तंत्र नागपुरी संत्र्यासाठी वापरले आहे. पण शुद्ध केलेले झाड कायम शुद्ध राहत नाही. उघड्यावर मावा ट्रिस्टेझा आणतो, सायला ही कीड ग्रीनिंग रोग आणते. म्हणून पन्हेरीतून कलमे घेताना भावाआधी तीन गोष्टी विचारा: मातृवृक्ष कुठला, तो जाळीघरात आहे का, आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली?