लीलावतींतील सममिति आणि एक विसरलेली टीका

बोरिवलीजवळ कान्हेरीच्या डोंगरांत लेण्यांलगत पाण्याचीं टाकीं खोदलेलीं आहेत. तेथील शिलालेखांत त्यांस ‘पोढी’ म्हटलें आहे. हातानें खोदलेल्या टाक्याची रुंदी अथवा खोली सर्वत्र सारखी भरेल असें नाहीं. मग त्यांत किती पाणी मावेल हें काढावें कसें?

भास्कराचार्यांनीं लीलावतीच्या खातव्यवहारांत हाच प्रश्न सोडविला आहे. अनेक ठिकाणीं माप घ्यावें, मापांची बेरीज करून ती स्थानांच्या संख्येनें भागावी. येईल ती सममिति. आपली सरासरी ती हीच. शब्द मात्र आपण फारसींतून घेतला.

त्यांच्या उदाहरणांत लांबी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७ हात व खोली २, ४, ३ हात अशी आहे. सममिति अनुक्रमें ११, ६ व ३. घनफळ १९८ घनहस्त. आतां अंकांचा क्रम पाहावा. लांबींत सममिति मधोमध आहे, रुंदींत आरंभीं, तर खोलींत शेवटीं. एकापुढील एक अशा संख्यांची सममिति आद्य व अंत्य यांच्या निमपटीइतकी असते. श्रेढीव्यवहारांत तिलाच मध्यधन म्हटलें आहे. पण मधल्या जागेवरील अंक म्हणजेच सममिति असें समजून चालणारा विद्यार्थी ११, ५, ४ घेऊन २२० वर जाईल. हा क्रम आचार्यांनीं जाणूनबुजून योजिला असावा असें आम्हांस वाटतें. एखाद्या लेखकानें ५, ६, ७ व २, ३, ४ असे अंक ‘सुधारून’ लिहिले, तरी उत्तर १९८ च येतें. म्हणून असला फेरफार उत्तर ताडून पाहिल्यानें सांपडावयाचा नाहीं.

याहून मोलाची गोष्ट टीकेंत आहे. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४६७ त (इ. स. १५४५) बुद्धिविलासिनी लिहिली. जितक्या अधिक ठिकाणीं मोजावें तितकी सममिति वास्तवाच्या अधिक जवळ येते, असें ते तींत स्पष्ट सांगतात. मूळ सूत्रांत ‘अनेक ठिकाणीं’ एवढेंच आहे. तें कां, हें टीकाकारानें सांगितलें. पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३७ त ही टीका मुळासह छापली हें बरें झालें. मुळाची पोथी जपून टीकेचीं सुटीं पानें रद्दींत टाकण्याची आपल्या संग्राहकांची रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं लीलावती असेल त्यांनीं खातव्यवहाराचें पान काढून रुंदी व खोली यांच्या अंकांचा क्रम उतरून घ्यावा, आणि पोथीबरोबर टीकेचीं पानें आहेत कीं काय तेंही पाहावें.