एसक्यूलाइटमधील पुसलेल्या माहितीचे अवशेष

एसक्यूलाइट या विदागार (डेटाबेस) प्रणालीत पुसलेली माहिती तत्काळ नाहीशी होतेच असे नाही. मुख्य फाइलीतील रिकाम्या जागेत, तसेच सोबतच्या जर्नल फाइलींत तिचे अवशेष राहू शकतात. डी. रिचर्ड हिप यांनी विकसित केलेली ही प्रणाली २००० साली प्रथम प्रसिद्ध झाली. अँड्रॉइड व आयओएसवरील अनेक अ‍ॅप, तसेच फायरफॉक्स व क्रोम हे ब्राउझर आपली माहिती तिच्यात साठवतात. त्यामुळे हा विषय खासगीपणा आणि गुन्हेतपास या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा आहे.

मुख्य फाइल

विदागाराची फाइल समान आकाराच्या पृष्ठांत विभागलेली असते. नोंद पुसताना प्रणाली तिची जागा केवळ ‘रिकामी’ ठरवते. त्या जागी नवे लेखन होईपर्यंत मूळ मजकूर तसाच राहतो.

जर्नल फाइली

व्यवहार अर्धवट राहिल्यास विदागार पूर्वस्थितीत आणता यावे, यासाठी पारंपरिक पद्धतीत बदलापूर्वीच्या पृष्ठाची प्रत जर्नलमध्ये ठेवली जाते. म्हणजेच पुसावयाचा मजकूर आधी तेथे नकलला जातो. व्यवहारानंतर जर्नल काढून टाकले, तरी साठवण माध्यमावर त्यातील मजकूर काही काळ उरू शकतो.

२०१० साली ३.७.० या आवृत्तीत ‘राइट-अहेड लॉग’ (वॉल) ही पद्धत आली. येथे क्रम उलटा असतो. पृष्ठाचे नवे रूप प्रथम वॉल फाइलीत लिहिले जाते व ‘चेकपॉइंट’च्या वेळी मुख्य फाइलीत नेले जाते. मूळ मांडणीनुसार सुमारे १००० पृष्ठे साठल्यावर चेकपॉइंट होतो. त्यानंतर फाइल सहसा लहान केली जात नाही. पुढील लेखन पुन्हा आरंभापासून होते. परिणामी फाइलीच्या उत्तरार्धात जुनी पृष्ठे, प्रसंगी एकाच पृष्ठाची अनेक रूपे, शिल्लक राहतात.

न्यायवैद्यक महत्त्व

विदागार साध्या साधनाने उघडून बंद केल्यास चेकपॉइंट होऊन वॉल फाइल पुसली जाऊ शकते व पुरावा नष्ट होऊ शकतो. म्हणून मुख्य व सोबतच्या फाइलींची एकत्रित प्रत घेऊन तिच्यावरच तपास करणे आवश्यक ठरते.

उपाय व मर्यादा

‘सिक्युअर डिलीट’ ही सोय पुसलेल्या मजकुराच्या जागी शून्ये लिहिते. मात्र वॉल पद्धतीत ही शून्येही आधी वॉल फाइलीत जातात. चेकपॉइंट होईपर्यंत मुख्य फाइलीतील मजकूर कायम राहतो. ‘व्हॅक्यूम’ ही आज्ञा विदागाराची नव्याने रचना करते, तर ‘ट्रंकेट’ प्रकारचा चेकपॉइंट वॉल फाइल शून्य आकाराची करतो. फ्लॅश साठवणीत नवे लेखन बहुधा वेगळ्या जागी होत असल्याने हे उपायही पूर्ण खात्री देत नाहीत. त्यामुळे संवेदनशील माहिती मुळातच कूटबद्ध करून साठवणे अधिक सुरक्षित मानले जाते.