‘उत्पत्ती’ आणि प्रस्तर : बायबलप्रणीत भूविज्ञानाच्या परंपरेचा मागोवा

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या ग्रंथाच्या आरंभीच्या अध्यायांना प्रमाण मानून पृथ्वीच्या रचनेचा अभ्यास करणे, हा मध्ययुगीन श्रद्धेचा मागे उरलेला अवशेष आहे, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. इतिहास त्याला पुष्टी देत नाही. पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी, चोवीस तासांच्या सहा दिवसांत निर्माण झाली आणि बहुतेक सर्व जीवाश्मयुक्त थर नोहाच्या काळातील एकाच जलप्रलयात साचले, या सिद्धांताचे आज प्रचलित असलेले काटेकोर रूप मुख्यतः विसाव्या शतकातील अमेरिकेत घडले. त्याआधीच्या तीन शतकांत पवित्र संहिता आणि खडक यांच्यातील व्यवहार दुहेरी होता. संहितेच्या आधारे खडक वाचले जात, तसेच खडकांच्या साक्षीने संहितेचा अन्वयार्थही बदलला जाई. या दुहेरी व्यवहाराचे एकेरी व्यवहारात रूपांतर कसे झाले, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासाचा आहे, तितकाच वाचनाच्या इतिहासाचाही आहे.

ईश्वराने दोन ग्रंथ लिहिले, एक शास्त्र आणि दुसरा निसर्ग, ही ख्रिस्ती परंपरेतील जुनी कल्पना. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये सृष्टीच्या निर्मितीची तिथी इसवीसनपूर्व ४००४ मधील २३ ऑक्टोबर अशी निश्चित केली, तेव्हा त्यांच्यासमोर यांपैकी केवळ पहिला ग्रंथ होता. पुढे उपहासाचा विषय झालेले हे काम वस्तुतः भाषाशास्त्रीय विद्वत्तेचे होते. हिब्रू संहितेतील कुलवृत्तांत आणि बाबिलोनी, पर्शियन व ग्रीक इतिहासातील कालनोंदी यांची सांगड त्यांनी घातली होती; भूस्तरांशी त्याचा काही संबंध नव्हता. विशेष म्हणजे हिब्रू संहिता आणि तिचे प्राचीन ग्रीक भाषांतर यांत कुलपुरुषांची वये वेगवेगळी असल्याने सृष्टीच्या वयात हजाराहून अधिक वर्षांचा फरक पडतो. म्हणजे कोणता पाठ स्वीकारावा, या संपादकीय निर्णयावर पृथ्वीचे वय अवलंबून होते. १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात अशरप्रणीत वर्षे छापली जाऊ लागली आणि सामान्य वाचकाच्या दृष्टीने समास व संहिता यांतील भेद पुसट झाला. छपाईच्या एका सोयीने भाष्याला श्रुतीचे स्थान मिळाल्याचे हे उदाहरण ग्रंथेतिहासाच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरा ग्रंथ उघडला तो नील्स स्टेन्सन (स्टेनो) यांनी. टस्कनीतील डोंगरांचे निरीक्षण करून १६६९ मध्ये त्यांनी मांडले, की थर एकावर एक साचतात, खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. आधुनिक स्तरविज्ञानाचा हा पाया घालणारे स्टेनो श्रद्धावान होते, पुढे ते कॅथलिक बिशपही झाले. आपल्या थरांची गाठ त्यांनी बायबलमधील घटनाक्रमाशीच घातली होती. थॉमस बर्नेट यांनी १६८१ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रश्न वेगळ्या अंगाने विचारला : सर्व पर्वत बुडवायचे तर पाणी किती लागेल? त्यांच्या हिशेबाने आठ महासागरांचे. एवढे पाणी ईश्वराने ऐनवेळी निर्माण केले आणि नंतर नाहीसे केले, हे उत्तर त्यांना पळवाट वाटले. म्हणून मूळ पृथ्वी पर्वतहीन, गुळगुळीत होती आणि तिचे कवच फुटून आतले पाणी बाहेर आले, अशी कल्पना त्यांनी केली. ती चुकीची ठरली. चमत्कारावर भार न टाकता हिशेब जुळवण्याचा तिच्यातील आग्रह मात्र विसरता येत नाही.

अठराव्या शतकात या हिशेबाला पुराव्याची ओढ लागली. स्विस निसर्गशास्त्रज्ञ योहान याकोब शॉइक्त्सर यांनी एओनिंगेन येथील खाणीत सापडलेला एक सांगाडा प्रलयात बुडालेल्या पापी माणसाचा म्हणून १७२६ मध्ये प्रसिद्ध केला. जॉर्ज क्यूव्हिए यांनी १८११ मध्ये हार्लेम येथे त्या दगडाचा झाकलेला भाग मोकळा केला, तेव्हा तो एका महाकाय सॅलमँडरचा सांगाडा निघाला. आजही त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात शॉइक्त्सर यांचे नाव जोडलेले आहे. विज्ञानाच्या नामकरणात कधी कधी सौजन्य आणि मिस्किलपणा एकत्र नांदतात.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील भूशास्त्र ज्यांच्या हाती होते, त्यांतील अनेक जण धर्मगुरू होते. ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांनी १८२३ मध्ये यॉर्कशरमधील कर्कडेल गुहेतील तरसांच्या हाडांचा अभ्यास प्रलयाची साक्ष म्हणून मांडला. हाडे मात्र वाहून आलेली नव्हती. तरस त्या गुहेत दीर्घकाळ राहत होते, हे त्यांनीच दाखवले. १८३६ पर्यंत त्यांनी जागतिक प्रलयाचा भूशास्त्रीय दावा सोडून दिला. केंब्रिजच्या अॅडम सेज्विक यांनी १८३१ मध्ये लंडनच्या भूशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून आपले पूर्वीचे मत जाहीरपणे मागे घेतले. ज्या थरांना एकाच प्रलयाची साक्ष मानले होते, ते वेगवेगळ्या काळांतील असल्याचे क्षेत्रपाहणीने सिद्ध झाले होते. दोघांपैकी कोणीही श्रद्धा सोडली नाही. ते बदलले ते वाचन. थॉमस चामर्स यांनी आधीच ‘उत्पत्ती’च्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनांमध्ये अगणित काळ सामावू शकतो, असे सुचवले होते, इतर भाष्यकारांनी ‘दिवस’ या शब्दाचा अर्थ ‘युग’ असा घेतला. या तडजोडींना विरोध करणारे ‘शास्त्रनिष्ठ भूशास्त्रज्ञ’ही तेव्हा होते, परंतु क्षेत्रात काम करणाऱ्या भूशास्त्रज्ञांवर त्यांचा प्रभाव अल्प होता.

याच काळात हा वाद भारताशी दोन वाटांनी जोडला गेला. पहिली वाट कालगणनेची. विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदू कालगणनेवर लिहिताना ४३,२०,००० वर्षांच्या महायुगाची अवाढव्य चौकट बाजूला सारून पुराणांतील राजवंश मोशेप्रणीत कालमर्यादेत बसवले आणि मत्स्यावतारातील प्रलय नोहाच्या प्रलयाशी एकरूप मानला. तौलनिक पुराणकथाशास्त्राचा एक आरंभ असा एका संहितेच्या कालमर्यादेत दुसरी कोंबून झाला. थोड्याच दशकांत युरोपीय भूशास्त्राने ती मर्यादाच मोडली. मराठीपुरते बोलायचे तर ‘उत्पत्ती’ची कथा तिला अशरच्या आधीपासून ज्ञात होती : फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले होते. तेथे सृष्टीची कथा ओवीबद्ध पुराणाच्या रूपात येते, आणि पुराणाला कोणी समासातल्या सनावळीचा जाब विचारत नाही.

दुसरी वाट प्रत्यक्ष खडकांची. ती नागपूरमधून जाते. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. हे चर्च १८४३ च्या फुटीतून जन्मले होते; तिचे नेतृत्व करणारे चामर्स हे तेच, ज्यांनी पहिल्या दोन वचनांतील काळाची फट सुचवली होती. हिस्लॉप शाळा चालवीत, प्रवचने देत आणि उरलेल्या वेळात दगड गोळा करीत. १८५१ मध्ये रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासमवेत टाकळीच्या माळावर फिरताना त्यांना काळ्या पाषाणाच्या सान्निध्यातील थरात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शिंपले आढळले. (हंटर पुढे इंग्लंडला परतून कोशकार झाले, शब्द आणि शिंपले वेचणे ही कदाचित एकच सवय असावी.) दोघांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्र परिषदेच्या त्रैमासिकात आला.

या शिंपल्यांचे महत्त्व थोडे थांबून समजून घ्यावे लागते. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचे थरावर थर. दोन थरांच्या मध्ये तळ्यातला चिखल, गोगलगायी, वनस्पतींचे अवशेष सापडतात, याचा अर्थ एक लाव्हा थंड झाला, त्यावर पाणी साचले, त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जीव जगले, आणि मग पुढचा लाव्हा आला. सर्व काही उलथवून टाकणाऱ्या वर्षभराच्या प्रलयात अशा शांत तळ्यांना जागा नाही. हिस्लॉप यांनी १८६० मध्ये या थरांवर स्वतंत्र निबंध लिहून ते तृतीयक कालखंडाच्या आरंभीचे मानले. आजच्या मापनानुसार हे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीच्या आगेमागे झालेले आहेत. नागपूरच्या परिसरातील त्यांनी जमवलेल्या प्राचीन वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये केले. त्या वनस्पती ज्या प्रस्तरसंघात मोडतात, त्याला पुढे गोंडांच्या प्रदेशावरून ‘गोंडवन’ हे नाव मिळाले आणि त्यावरून एका लुप्त महाखंडालाही.

हिस्लॉप यांचे निबंध वाचताना लक्षात येते ते हे, की युक्तिवाद थरांच्या क्रमावर आणि जीवाश्मांच्या तुलनेवर उभा आहे. सकाळी ‘उत्पत्ती’ शिकवणारा माणूस संध्याकाळी लाव्ह्यांमधली तळी मोजतो, यात त्याला विसंगती वाटली नसावी, कारण त्याच्या परंपरेने ती आधीच वाचनाच्या पातळीवर सोडवली होती. याच माणसाने गोंडांमध्ये गायिली जाणारी लिंगोची कथा लिहून घेतली. गोंडांचा जन्म, त्यांचे गुहेत कोंडले जाणे आणि लिंगोकडून सुटका सांगणारी ही दीर्घ रचना त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी भाषांतरासह प्रसिद्ध केली. तिच्यातून त्यांनी भूशास्त्र काढले नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले.

स्कॉटलंडमध्ये त्याच चर्चचे ह्यू मिलर, पाथरवटाचे भूशास्त्रज्ञ-पत्रकार झालेले, सृष्टीच्या सहा दिवसांना एकापाठोपाठ उलगडणाऱ्या दृश्यांचे रूप देत होते; त्यांचा शेवटचा ग्रंथ मरणोत्तर १८५७ मध्ये आला. त्याच वर्षी फिलिप गॉस यांनी उलट टोक गाठले : आदमला बेंबी होती तशी पृथ्वीही जीवाश्मांसह, नसलेल्या भूतकाळाच्या खुणांसह निर्माण झाली. तर्काने हे खोडता येत नाही, आणि म्हणूनच ते कोणाला रुचले नाही. ईश्वराने खडकांत कल्पित कथा लिहिली, हे श्रद्धावानांनाही मानवेना.

काटेकोर प्रलयवादाचे पुनरुज्जीवन झाले ते भूशास्त्राच्या वर्तुळाबाहेरून. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाचे जॉर्ज मॅक्रेडी प्राइस यांनी १९२३ मध्ये नव्या भूशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहून जीवाश्मांचा ठरावीक क्रम हाच मुळी भूशास्त्रज्ञांचा कल्पनाविलास आहे, असे प्रतिपादन केले. प्राइस यांचा क्षेत्रपाहणीचा अनुभव तुटपुंजा होता. त्यांचे शिष्य हॅरल्ड क्लार्क यांनी १९३८ मध्ये ओक्लाहोमा व उत्तर टेक्ससच्या तेलक्षेत्रांना भेट दिली, तेथे खोल विवरांतून निघणारे नमुने पाहिले आणि गुरूला कळवले, की क्रम खरोखरच अस्तित्वात आहे. क्लार्क प्रलयवादीच राहिले. प्रलयपूर्व जगातील वेगवेगळ्या अधिवासांवरून त्यांनी त्या क्रमाचा उलगडा करू पाहिला. तरीही प्राइस यांनी या मताला सैतानी उगमाचे ठरवणारी पुस्तिका लिहिली. सेज्विक यांच्या १८३१ च्या भाषणाशेजारी ही पुस्तिका ठेवली, की शंभर वर्षांत काय गमावले होते ते दिसते. क्षेत्रातून आलेली साक्ष तेव्हा मतपरिवर्तनाचे कारण होती, आता ती द्रोहाचे चिन्ह झाली होती.

१९६१ मध्ये धर्मशास्त्रज्ञ जॉन व्हिटकम आणि जलअभियंता हेन्री मॉरिस यांच्या प्रलयविषयक ग्रंथाने प्राइस यांच्या मांडणीला पंथाबाहेर, व्यापक इव्हँजेलिकल वाचकवर्गात नेले. ग्रंथाची शैली तळटिपांची, अभियांत्रिकीची आहे. अधिकार मात्र आरंभीच ठरलेला आहे. लॉरेन्स कल्प या श्रद्धावान भूरसायनशास्त्रज्ञाने १९५० मध्येच अशा भूशास्त्राची सविस्तर चिकित्सा केली होती. तिचा प्रसार या ग्रंथाच्या तुलनेत नगण्य राहिला. पुढे हा वाद शाळांच्या वर्गांत आणि न्यायालयांत गेला. १९८२ मध्ये आर्कान्सामधील आणि १९८७ मध्ये लुइझियानामधील ‘समान वेळे’चे कायदे राज्यघटनेच्या कसोटीवर रद्द झाले.

१९९७ ते २००५ या काळात याच परंपरेतील काही पदवीधारक शास्त्रज्ञांनी किरणोत्सर्गी कालमापनाचा प्रश्न हाती घेतला. खडकांमध्ये आजच्या गतीने कोट्यवधी वर्षे लागावीत एवढा किरणोत्सर्गी ऱ्हास घडलेला आहे, हे त्यांनी मान्य केले. सहा हजार वर्षांची मर्यादा न सोडता त्याचा उलगडा करण्यासाठी निर्मितीच्या व प्रलयाच्या काळात ऱ्हासाची गती अफाट वाढली होती, असे गृहीत धरले. अशा वाढीतून निघणारी उष्णता पृथ्वीचे कवच वितळवण्यास पुरेशी ठरते. ती कोठे गेली याचे समाधानकारक उत्तर हाती नसल्याचे त्यांच्या अहवालातच नमूद आहे. बर्नेटना आठ महासागरांचे पाणी आणायचे होते. येथे उष्णता नाहीशी करायची आहे, आणि त्यासाठी ईश्वरी हस्तक्षेपाची शक्यता अहवालात खुली ठेवलेली आहे.