गुंडाला झोप लागत नाही

'वी कान्ट बी स्टॉप्ड'चं कव्हर एकदा नेटवर शोधून बघा. हॉस्पिटलचा कॉरिडॉर, स्ट्रेचरवर बसलेला जेमतेम पावणेचार फूट उंचीचा माणूस, कानाला विटेएवढा मोबाईल, आणि उजव्या डोळ्याच्या जागी सुजलेली, रक्ताळलेली जखम. स्ट्रेचरच्या दोन बाजूंना त्याचे साथीदार. पोस्टरसाठी मेकअप केला असेल असं वाटतं. तसं नाहीये. अल्बम बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी बुशविक बिलला, दारूच्या नशेत मैत्रिणीशी झालेल्या झटापटीत, डोळ्यात गोळी लागली. तो हॉस्पिटलात असतानाच कॅमेरा आला. डोळ्यावरची पट्टी फोटोसाठी काढली गेली.

वर्ष १९९१, शहर ह्यूस्टन, टेक्सास. ग्रुपचं नाव गेटो बॉइज: स्कारफेस, विली डी आणि बुशविक बिल. तेव्हा रॅप म्हणजे न्यूयॉर्क, आणि गँगस्टा रॅप म्हणजे लॉस एंजेलिस. दक्षिणेकडच्या राज्यांमधून कुणी काही ऐकण्यासारखं करेल अशी अपेक्षाच नव्हती. दक्षिणेचा हेल म्हणजे गावंढळ, हे समीकरण पक्कं होतं.

आता ह्यूस्टनमधल्या फिफ्थ वॉर्डबद्दल थोडं. अमेरिकी यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेले लोक इथे येऊन राहिले, आणि पुढे ही कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती झाली. इथेच डॉन रोबी या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने १९४९ साली पीकॉक रेकॉर्ड्स काढली. एल्विसच्या तीन वर्षं आधी, १९५३ साली बिग मामा थॉर्नटनची 'हाउंड डॉग' बाजारात आणली ती याच कंपनीने. नंतर दोन मोठे हायवे वस्तीच्या पोटातून गेले आणि ती चिरली गेली. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले, नोकऱ्या गेल्या, क्रॅक आलं. याच वस्तीतल्या जेम्स प्रिन्सने त्या दशकाच्या मध्यावर रॅप-अ-लॉट रेकॉर्ड्स सुरू केली. न्यूयॉर्कच्या कंपन्या दार उघडत नाहीत तर आपलं दार आपण बांधू, असा हिशेब. हा हिशेब वस्तीने रोबीच्या काळीही मांडून पाहिला होता, त्यामुळे प्रिन्सला आकाशातून पडलेला चमत्कार समजायचं कारण नाही.

१९९० साली रिक रुबिनने या पोरांना उचललं. त्यांचीच गाणी नव्याने घासून-पुसून अल्बम तयार केला. पण तो वितरित करायला गेफन कंपनीने नकार दिला. सीडी छापणाऱ्या कारखान्यानेही हात वर केले. गाण्यांमधला खून आणि बलात्कार त्यांना झेपला नाही. शेवटी दुसरा वितरक मिळाला. 'आम्हाला थांबवता येणार नाही' हे पुढच्या अल्बमचं नाव या प्रकरणाला दिलेलं उत्तर आहे, आणि शीर्षकगीतात गेफनची यथेच्छ सालं काढली आहेत.

ही तक्रार अगदीच खोटी होती, असं मी म्हणणार नाही. या अल्बमवरही विली डीचं 'आय ॲम नॉट अ जंटलमन' आहे. ते ऐकताना मला आजही कंटाळा आणि चीड दोन्ही येतं. बायकांना शिव्या घालणं म्हणजे बंडखोरी नव्हे. तेवढं तर नाक्यावर फुकट ऐकायला मिळतं. आखाती युद्धाला शिव्या घालणारं बिलचं गाणं त्यामानाने कितीतरी धारदार आहे: गरिबाच्या पोराने कुणाच्या तेलासाठी मरायचं, हा साधा प्रश्न, तोही तेलावर जगणाऱ्या शहरातून.

पण हा अल्बम टिकला तो 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी'मुळे. गिटारचा तो मऊ, गोल फिरणारा तुकडा आयझॅक हेजच्या १९७४ सालच्या एका फिल्म-साउंडट्रॅकमधून घेतलाय. हेज मेम्फिसचा, म्हणजे तोही दक्षिणेचाच. या लाडिक सुरावर एक माणूस सांगतो की रात्री झोप लागत नाही, घाम फुटतो, कुणीतरी पाळत ठेवून आहे. तो माणूस गँगस्टर आहे, आणि तो घाबरलाय. तोवरच्या गँगस्टा रॅपमध्ये भीती समोरच्याला वाटायची. बोलणाऱ्याला नाही.

गाण्याचा बराचसा भाग स्कारफेसने लिहिला, तेव्हा तो विशीत होता. पौगंडावस्थेतच त्याने नैराश्य आणि मनोरुग्णांच्या वॉर्डातला मुक्काम सोसला होता. तिसऱ्या कडव्यात तो जीव द्यायच्या विचारापर्यंत जातो आणि मुलाच्या आठवणीने थबकतो. त्याआधी विली डीच्या कडव्यात एक गाडी पाठलाग करतेय. मारलेले, लुबाडलेले सगळे शत्रू आठवून तो बंदूक काढतो, आणि गाडीत निघतात तीन जख्ख म्हातारी माणसं. हसू येतं आणि ते घशातच अडकतं. शेवटचं कडवं बिलचं. हॅलोविनची रात्र, तिघं मिळून एका धिप्पाड माणसाला बुकलतायत, आणि अचानक समोर कुणीच नाही. रस्ता रिकामा आहे, आणि तो काँक्रीटवर मुठी आपटतोय.

गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत २३व्या क्रमांकापर्यंत गेलं, रॅपच्या यादीत पहिलं आलं. १९९२च्या सुरुवातीला अल्बम प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाख प्रती. त्याच वर्षी पोर्ट आर्थरहून यूजीके आले, १९९३ला मेम्फिसहून एटबॉल अँड एमजेजी, १९९४ला अटलांटाहून आउटकास्ट. तरी १९९५च्या सोर्स अवॉर्ड्सला न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी आउटकास्टची हुर्यो उडवलीच, आणि आंद्रेला स्टेजवरून सांगावं लागलं की दक्षिणेलाही काही म्हणायचं आहे. ह्यूस्टनने ते चार वर्षं आधी म्हणून टाकलं होतं. आंद्रेचं वाक्य टी-शर्टवर गेलं. ह्यूस्टनचं श्रेय अजूनही तळटिपेत असतं.

राहता राहिलं ते कव्हर. त्या धक्क्याने अल्बम खपला, यात शंका नाही. आतलं गाणं ज्या अवस्थेबद्दल बोलतं, तीच अवस्था बाहेर फोटोत विकायला मांडली होती. बिलने १९९२ साली एकट्याच्या अल्बमवर 'एव्हर सो क्लिअर'मध्ये त्या रात्रीची हकिकत स्वतः सांगितली, दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्याशिवाय. पुढे मुलाखतीत तो म्हणाला की ते कव्हर बघितलं की अजून त्रास होतो, ते करायला नको होतं. २०१९च्या जूनमध्ये, ५२ व्या वर्षी, कर्करोगाने तो गेला. उजव्या डोळ्याची दृष्टी परत आली नव्हती. स्ट्रीमिंग ॲपवर अल्बम लावलात की तोच फोटो येतो, अंगठ्याच्या नखाएवढा.